पळसुले डॉक्टरांचा निर्जंतुक माइक

गुरुदत्त पळसुलेला माणसांची किळस येते, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याला किळस येते ती फक्त त्यांच्या तोंडांची. आता कोलकात्याच्या बागबाजारातल्या माणसामधून तोंड वजा केलं तर मागे फारसं काही उरत नाही, त्याला तो बिचारा काय करणार?

तो दातांचा डॉक्टर आहे. त्याचा दवाखाना एका मिठाईच्या दुकानाच्या बरोब्बर वर आहे. जागा देताना घरमालक म्हणाला होता, "डाक्तारबाबू, खाली रोग, वर औषध. तुम्हाला मरण नाही." गुरुदत्तला ते बोलणं तेव्हा फार व्यवहारी वाटलं. पण त्या म्हाताऱ्याने एक गोष्ट सांगितली नव्हती, की बागबाजारचा माणूस मिठाईच्या दुकानावरून रिकाम्या तोंडाने जिना चढूच शकत नाही. दाढ ठणकत असेल तर तो दुसऱ्या बाजूने खाऊन येतो. मग खुर्चीत बसून आ करतो. आत पाहावं तर पाकात पोहणारा रसगुल्ल्याचा लगदा, त्याखाली दुपारच्या भाजीतले खसखशीचे दाणे प्रत्येक फटीत जागा धरून बसलेले, त्याखाली मोहरीच्या वाटणाचा पिवळा थर, आणि सगळ्यांत तळाशी, जिथे दात असायला हवेत तिथे, जर्द्याने काळे पडलेले काही अवशेष. गुरुदत्त याला 'उत्खनन' म्हणतो. पुरातत्त्व खात्याची माणसं निदान मेलेल्या वस्तीत खणतात. इथे वस्ती जिवंत असते, आणि खणणं चालू असताना बोलायचा प्रयत्न करते.

पळसुल्यांची ही कोलकात्यातली तिसरी पिढी. आजोबा खिदिरपूरला कस्टममध्ये नोकरीला आले आणि परत जायचं राहूनच गेलं. गुरुदत्तचं बंगाली भांडणात अडत नाही इतकं चांगलं आहे, तरी पाड्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, काही म्हातारे त्याला अजून 'बर्गी', म्हणजे मराठा लुटारू, म्हणतात. मराठी फौजा लुटायला येतील या भीतीने या शहराने एके काळी खंदक खणायला घेतला तो इथूनच, बागबाजारपासून. खंदक कधीच बुजला, पण भीती म्हाताऱ्यांनी जपून ठेवली आहे. "तुमच्या बापजाद्यांनी आमचं धान्य नेलं, तुम्ही दात नेता," असं म्हणून ते खदखदून हसतात. गुरुदत्तसमोर तोंड उघडून हसणारी पाड्यात तेवढीच माणसं उरली आहेत, कारण त्यांच्याकडे आता नेण्यासारखं काही नाही.

बाकीचे त्याला पाहिलं की तोंड मिटतात. हे अगदी अक्षरशः घ्यायचं. कोपऱ्यावर चहा पीत खिदळणारी मंडळी तो दिसला की ओठ घट्ट करतात आणि मान हलवून नमस्कार करतात. मासेबाजारात त्याच्यापुढे कोणी घासाघीस करत नाही. दातांत फ्लॉसचा दोरा फिरवता का असं विचारलं जाईल, अशी कोणाला धास्ती असते, कोणाला उरलेल्या दाढेची आठवण होते. लोक त्याला मान देतात, पण तो यमाला देतात तशातला.

आणि हीच गोष्ट गुरुदत्तला आत कुठेतरी फार लागत असे. कारण तो गाणारा माणूस होता.

डेंटल कॉलेजात त्याचा चौघांचा बँड होता. तो बँड का मोडला हे बाकीच्या तिघांना आजवर कळलेलं नाही. गुरुदत्तला स्वच्छ माहीत आहे. मुख्य गायक माइक ओठांत धरून गायचा, आणि त्या गायकाच्या टॉन्सिलच्या खळग्यांत काय साठतं ते गुरुदत्तने मागच्याच आठवड्यात प्रात्यक्षिकाच्या तासाला टॉर्च मारून पाहिलं होतं. पुढच्या तालमीत माइक त्याच्याकडे आला तेव्हा त्याने तो दोन बोटांनी बाजूला ठेवला. "घशात खवखवतंय," असं सांगून तो जो घरी गेला तो परत गेलाच नाही. गिटारवाल्याची नखं, बासरीवाल्याची बासरी (बासरीतून काय ठिबकतं हे कोणी बोलत नाही, पण ठिबकतं), सगळ्याचाच त्याला वीट आला. संगीत सुटेना आणि माणसं सोसेनात, अशा पेचात त्याने बरीच वर्षं काढली. मग त्याला लूपर सापडला.

लूपर म्हणजे पायाशी ठेवायची एक पेटी. बटण पायाने दाबून माइकमध्ये काही म्हणायचं. पेटी ते लक्षात ठेवते आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहते. त्यावर दुसरा आवाज चढवायचा, त्यावर तिसरा. एखाद्या आत्याबाईंना एकदा काही कळलं की जे होतं तेच, फक्त सुरात. गुरुदत्तने तोंडाने ढोल वाजवायला शिकून घेतलं. ओठ मिटून आतली हवा सोडली की घुमारा, दातांमागून जीभ सोडली की झांज. ढोल त्याचा, खर्ज त्याचा, वरचे सूर त्याचे. सगळा वाद्यवृंद एकाच तोंडात, आणि ते तोंड दिवसातून तीनदा घासलेलं. इतकं स्वच्छ संगीत जगात दुसरं नसेल.

शब्दांचं मात्र जमेना. मराठीत गावं तर ऐकणाऱ्याला कळणार नाही, बंगालीत गावं तर उच्चारांवर चर्चासत्र भरेल, हिंदीत गावं तर लोक सिनेमाचं गाणं मागतील. म्हणून त्याने शब्दच काढून टाकले. उरला फक्त आकार. दिवसभर लोक त्याच्यापुढे 'आ' करतात, संध्याकाळी तो माइकपुढे 'आ' करू लागला.

त्याची बायको लीना नागपूरकडची. वडिलांची बँकेतून इथे बदली झाली होती. मुदत संपल्यावर सगळं बिऱ्हाड परत गेलं, लीना तेवढी राहिली. ती म्हणते, "अरे गुरू, आतल्या खोलीत बसून ऐकतं कोण तुला? भिंत? ती बिचारी घासते का दात?"

"भिंतीला तोंड नसतं," गुरुदत्त म्हणतो. "तोच तिचा मोठा गुण."

पण खरी गोष्ट त्याने कबूल केली नाही तरी लीनाला ठाऊक होती. त्याला पाड्याला ऐकवायचं होतं. दक्षिण कोलकात्यातल्या एकदोन कॅफेंत तो वाजवून आला होता. तिथल्या पोरांनी कॉफीचे कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या होत्या, पण ती पोरं त्याची कोण? त्याला वाटायचं, एकदा, फक्त एकदा या बागबाजारने आपल्याला दात उपटणारा सोडून आणखी काहीतरी म्हणून ओळखावं.

संधी आली ती गळूच्या रूपाने. पाड्यातल्या क्लबचे सेक्रेटरी भोंबलदा, वजनाने आणि आवाजाने दोन्हीकडून जड, दुर्गापूजेतल्या अष्टमीच्या सकाळी गाल पेरूएवढा सुजवून दारात उभे राहिले. ऐन पूजेत सगळे दवाखाने बंद. गुरुदत्तने दवाखाना उघडला, गळू कापलं. त्यातून जे बाहेर आलं त्याचं वर्णन इथे करायची तयारी आहे, पण वाचणाऱ्याचं जेवण व्हायचं असेल. एवढंच सांगतो, की गुरुदत्तने त्या दिवशी पूजेच्या भोगाची, म्हणजे प्रसादाची, खिचडीही खाल्ली नाही.

दुखणं थांबताच भोंबलदांच्या डोळ्यांत पाणी आलं. "डाक्तारबाबू, काय हवं ते मागा. क्लबच्या वर्गणीत सूट? भोगाचं ताट घरपोच?"

"विसर्जनानंतरच्या विजयाच्या कार्यक्रमात मला एक गाणं म्हणायचंय."

भोंबलदांची सूज क्षणभर वाढल्यासारखी वाटली. "तुम्ही गाता? दात काढताना तर कधी ऐकलं नाही."

"तोंडाने ढोल वाजवतो. बाकीचं पण तोंडानेच."

"सगळं तोंडाने?" भोंबलदांनी आपला गाल चाचपला. या माणसाला नाही म्हणायची ही वेळ नव्हे, हे त्यांना कळत होतं. "ठीक. एक गाणं. जमलं तर दरवर्षी. नाही जमलं तर, वाईट मानू नका, पुढच्या वर्षीपासून पुन्हा जादूगार. लोक अजून त्या कबुतरांची आठवण काढतात."

दुर्गा विसर्जनानंतर पाड्यात सगळे एकमेकांच्या घरी जाऊन गळाभेट घेतात आणि मिठाई खातात. गुरुदत्तच्या दृष्टीने हा बंगालचा दंतक्षय-सप्ताह. क्लबचा कार्यक्रम याच सप्ताहाच्या शेवटी असतो, म्हणजे तोंडं अगदी पिकलेली असताना.

त्या दिवशी दुपारी एका बाईंच्या दाढेची मुळं इतकी वाकडी निघाली की गुरुदत्तला घरी जायला सवड मिळेना. त्याचा माइक दवाखान्यातच होता. हा माइक त्याने फक्त स्वतःसाठी घेतलेला. त्याला दुसऱ्या कुणाचा श्वासही लागलेला नव्हता. दर तालमीनंतर तो जाळी काढून स्पिरिटने पुसायचा. आज माइक टेबलावरच्या ट्रेमध्ये, आरसा आणि चिमट्याच्या शेजारी ठेवून तो बाईंच्या दाढेशी झुंजत होता.

निर्मलादी ही त्याची मदतनीस. कमी बोलते, पुष्कळ काम करते. गुरुदत्तने तिला पहिल्या दिवशी एकच नियम शिकवला होता आणि नंतर रोज शिकवला होता: जे तोंडाला लागलं, ते ऑटोक्लेव्हमध्ये गेलं पाहिजे. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेवर हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, प्रेशर कुकरचा शिकलेला भाऊ. नियम मोडला म्हणून त्याने एकदा एका तात्पुरत्या पोरीला कामावरून काढलंही होतं. निर्मलादी तेव्हा तिथेच उभी होती.

दाढ संपवून हात धुऊन तो वळला, तर माइक कागदी पिशवीत सीलबंद करून ठेवलेला. पिशवीवरची पट्टी तपकिरी झालेली. गुरुदत्तचं मन भरून आलं. इतकी वर्षं या बाईला स्वच्छता शिकवली त्याचं चीज झालं, असं त्याला वाटलं. ती पट्टी वाफ लागल्याशिवाय तपकिरी होत नाही, हे तो परीक्षेत लिहून पास झाला होता. पण आनंदात माणूस शिकलेलं विसरतो. त्याने पिशवी खिशात घातली, गळ्यात लूपरची बॅग अडकवली आणि निघाला.

मंडप अजून उतरवलेला नव्हता. देवी गेलेली, तिच्या जागी कार्यक्रमाचा फलक. पहिल्या रांगेत अध्यक्ष सान्यालबाबू, लीना, आणि साडी बदलून आलेली निर्मलादी. गुरुदत्त पडद्याआड एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसला आणि क्लबच्या माइकचा प्रवास पाहू लागला. पाहायचं नव्हतं, पण अपघात झालेल्या जागेवरून नजर हलते का?

त्या माइकला लाल स्पंजची टोपी होती. आरंभी ती लाल असावी. भोंबलदा निवेदन करत होते, गालात पान, पानात जर्दा, आणि प्रत्येक 'प'ला स्पंजवर एक तुषार. मग सान्यालबाबू बोलायला उठले. त्यांची कवळी गुरुदत्तनेच केलेली. ती रोज रात्री पावडरच्या पाण्यात ठेवा असं त्याने त्यांना हात जोडून सांगितलं होतं, आणि ते दर वेळी "हो हो" म्हणत आले होते. त्यांनी माइक भाजलेल्या कणसासारखा धरला आणि समाजाच्या अध:पतनावर बोलताना तो जवळजवळ खाल्ला. त्यांच्यानंतर कविता म्हणणाऱ्या बुलूमाशी (बंगालीत मावशीला माशी म्हणतात), हिरड्यांतून रक्त, उपचार अर्धवट सोडलेले. मग एक दमेकरी तबलजी, ज्याला माइकचं काही कामच नव्हतं, पण त्याने "हॅलो, चेक" म्हणून खोकून घेतलं. मध्येच कोणी येऊन "निळ्या स्कूटरवाल्याने गाडी हलवावी" असं सांगितलं, त्याच्या तोंडात अजून अंड्याचा रोल होता. गुरुदत्त प्रत्येकाला दातनदात ओळखत होता. हे ज्ञान फार वाईट. सामान्य माणसाला तिथे एक माइक दिसला असता. त्याला एक सार्वजनिक पिकदाणी दिसत होती, जिच्यावर लोक एकापाठोपाठ एक आपुलकीने तोंड टेकवत होते.

"आपल्याला काय त्याचं," तो मनाशी म्हणाला आणि खिशातली पिशवी चाचपली.

"आणि आता," भोंबलदा गरजले, "आपले लाडके," इथे ते जरा अडखळले, कारण हा शब्द या माणसासाठी पूर्वी वापरलेला नव्हता, "आपले डाक्तारबाबू!"

सगळ्या मंडपाने तोंड मिटलं.

गुरुदत्तने मंचावर पेटी मांडली, वायर जोडली, सर्वांसमक्ष पिशवी टरकावली आणि माइक काढला. माइकच्या जाळीतून पाण्याचा एक थेंब बाहेर आला आणि त्याच्या मनगटावर पडला. त्याने "बूफ्" केलं. काही नाही. पुन्हा केलं. ध्वनिव्यवस्थेच्या पोऱ्याने माइक हातात घेऊन कानाशी हलवला. आत खुळखुळ वाजलं.

"दादा, हा मेलाय. उकडल्यासारखा वाटतोय."

गुरुदत्तची नजर सावकाश पहिल्या रांगेकडे वळली. "निर्मलादी, माइकला काय केलंत?"

निर्मलादी उभी राहिली. सगळ्या पाड्यासमोर आपलं नाव घेतलं गेलं याचा तिला अभिमान वाटला असावा. "ऑटोक्लेव्ह केला ना डाक्तारबाबू. तोंडाला लागलेला होता. पूर्ण वेळ ठेवला. घाई केली नाही."

लीनाने पदर तोंडाशी नेला. गुरुदत्तने फाटकी पिशवी घडी करून खिशात ठेवली. रागवायचं तरी कशावर? त्याच्याच नियमाने त्याचाच माइक वाफवून काढला होता. "छान केलंत," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पोऱ्याने क्लबचा माइक पुढे केला. स्पंजचा वास तोंडाआधी पोचला. जर्दा, पाक, अंडं, आणि मध्ये कुठेतरी जुन्या फुलदाणीतल्या पाण्याचा.

"हा स्पंज काढ."

"निघत नाही दादा. चिकटलाय. आतून."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. बोलायला माइक हातभर लांब धरला तरी चालतो. पण तोंडाने ढोल वाजवायचा तर ओठ माइकला टेकवावेच लागतात, नाहीतर ढोलाची माशी होते. गुरुदत्तने आधी लांबूनच प्रयत्न केला. स्पीकरमधून "पुक्" असा आवाज आला. मागे कोणीतरी म्हणालं, "एवढंच?"

त्याच्या खिशात हातमोजे होते. ते त्याच्या खिशात रुमालासारखे असतातच. त्याने एक मोजा काढला, ताणून माइकवर चढवला. पाचही बोटं वर उभी राहिली, जणू गाय उलटी धरली आहे. त्याने लूपरचं बटण दाबलं, ओठ रबरावर टेकवले आणि जीव ओतून ढोल वाजवला.

जो आवाज आला तो ढोलाचा नव्हता. तो माणसाच्या दुसऱ्या टोकाचा होता, आणि तोही मिठाईच्या सप्ताहानंतरचा. रबर ओठांवर थरथरलं होतं. आणि लूपर ही इमानी वस्तू. तिने तो आवाज लक्षात ठेवला आणि मंडपाच्या चारही कोपऱ्यांतल्या मोठ्या स्पीकरमधून तालात, ठरल्या अंतराने, न थकता ऐकवायला सुरुवात केली.

पहिल्या फेरीला लोकांनी शेजाऱ्याकडे संशयाने पाहिलं. दुसऱ्या फेरीला पोरं खुर्च्यांखाली गेली. तिसऱ्या फेरीला सान्यालबाबूंना असं हसू फुटलं की कवळी तळहातात आली, आणि ती हातात धरून ते हिरड्यांनी हसत राहिले. बुलूमाशी डोळे पुसत होत्या. तबलजीने खोकत खोकत ठेका धरला. गुरुदत्त बटण शोधत होता, पण नेमकं हवं तेव्हा बटण सापडत नाही.

सापडलं एकदाचं. आवाज थांबला, हसणं थांबलं नाही. भोंबलदा पडद्याआडून अर्धे बाहेर आले. चेहरा कळवळलेला. "डाक्तारबाबू," ते हळूच म्हणाले, "पुढचा आयटम बोलावू का? लोक हसले, चांगलंच झालं. इथेच थांबलं तर अब्रू राहील."

अब्रू! गुरुदत्तने समोर पाहिलं. आत्ता खाली उतरलो तर हा पाडा आपल्याला दुसरं काहीतरी म्हणून ओळखेल हे खरं, पण काय म्हणून? मोज्यातून आलेला तो आवाज म्हणून. जन्मभर. उपटणारा यम परवडला. आणि न उतरावं तर हातात ती लाल पिकदाणी. त्याला एकाएकी स्वतःचीच किळस आली. सगळं आयुष्य तोंडांत घातलेला माणूस, आणि गाणं ओठांपासून वीतभर अंतरावर येऊन थांबलंय, ते एका स्पंजासाठी!

"नको," तो म्हणाला. त्याने मोजा ओढून काढला, डोळे मिटले आणि स्पंजवर ओठ टेकवले.

स्पंज गार होता. हे त्याला अपेक्षित नव्हतं. ओठ दाबताच त्यातून थोडं काहीतरी वर आलं. आधी जर्दा झोंबला, मग गोडसर, मग तेलकट. चव घ्यायची नाही असं त्याने ठरवलं होतं, पण जीभ त्याची शिकलेली, तिने निदान करायला घेतलंच. सान्यालबाबूंना दिलेल्या कवळीच्या पावडरीची चव कुठेच नव्हती. थेरड्याने एक रात्रसुद्धा वापरली नव्हती. पोटातून उसळी आली. ती बाहेर पडायच्या आत त्याने तिला वाट करून दिली, आणि जो ढोल वाजला तो आतल्या खोलीत त्याला कधीच साधला नव्हता. बांबूच्या खांबांना हादरा बसला.

ढोल फिरू लागला. त्यावर त्याने झांज चढवली, पुन्हा स्पंज. खर्ज, पुन्हा स्पंज. थुंकी ओढून घेणाऱ्या नळीचा सुरसुराट. मग दातांमधून त्याने ड्रिलची बारीक शीळ सोडली. पहिल्या रांगेने एकदम गाल धरले. कोणीतरी "बाप रे" म्हणालं. आणि ती शीळ तशीच लांबत जाऊन खर्जात मिसळली, तंबोऱ्याच्या चढ्या तारेसारखी लागली, तेव्हा गालांवरचे हात हळूहळू खाली आले. आता त्याने 'आ' लावला. साधा, सरळ, षड्जावर. त्यावर गंधार, त्यावर पंचम. एकाच माणसाचे इतके गळे फिरताना ऐकून मागचे लोक वायर कुठून आली ते बघू लागले.

वरचा षड्ज राहिला होता. तो त्याने रोजच्यासारखा स्वतःच लावला असता. पण ओठांना तो स्पंज आता पुन्हा लागणं शक्य नव्हतं. पोट शेवटची सूचना देत होतं. त्याने माइक लांब केला, हात पुढे ताणला आणि तोंडाला जे रोजचं वळण होतं तेच त्यातून निघालं.

"आ करा."

बागबाजारला ही आज्ञा पाळायची सवय होती. सगळ्या मंडपाने आ केला.

लूपरने तो आवाज उचलला आणि छताला लावला. गुरुदत्तला मात्र आवाजाआधी दृश्य दिसलं. मंचावरचे दिवे थेट त्या तोंडांत पडले होते. रांगच्या रांग उघडी. काळ्या दाढा, पिवळे थर, पडक्या भिंतीसारख्या हिरड्या, जिभांवरचा पांढरा लेप, कोणाच्या दातात अडकलेला पुरीचा तुकडा. इतकी घाण त्याने एका नजरेत कधी पाहिली नव्हती. आणि या घाणीतून तो सूर निघत होता, किंचित चढा, किंचित बेसूर, पण अंगावर काटा आणणारा. त्याला ओकारी आली आणि डोळ्यांत पाणी आलं. कशामुळे काय ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

टाळ्या थांबायच्या आतच तो पडद्यामागे पोचला आणि बादलीपाशी वाकला. लीनाने पाठीवर हात ठेवला.

"ऐकलंस का? सगळे उभे राहिलेत."

"गुळण्यांचं औषध आण आधी," तो म्हणाला. "मोठी बाटली."

जादूगार रद्द झाला. भोंबलदांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. पण पाड्याने एखाद्याला आपला मानला की पुढे काय होतं, याची गुरुदत्तला कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी मासेवाल्याने त्याला पाहून तोंड मिटलं नाही. उलट सुरी खाली ठेवली, ओठ फुगवले आणि "बूफ् चिक" केलं. खवले आणि थुंकी दोन्ही गुरुदत्तच्या सदऱ्यावर आली. चहाच्या टपरीवर चौघांनी मिळून करून दाखवलं, बिस्किटासकट. बुलूमाशींनी भर रस्त्यात थांबवून आ लावला आणि "सूर बरोबर आहे का?" म्हणून विचारलं, त्याने उत्तर दिलं, "उपचार पूर्ण करा." सान्यालबाबू कवळी काढूनच वाजवतात, त्यात म्हणे घुमारा जास्त येतो. आता बागबाजारातून चालायचं तर गुरुदत्तला मास्क लावावा लागतो. पूर्वी लोक तोंड लपवत, आता तो लपवतो.

गळूची दाढ शेवटी काढायची ठरली तेव्हा भोंबलदा खुर्चीत आले. सुई दिल्यावर खालचा ओठ बधिर होऊन लोंबू लागला. अशा अवस्थेत त्यांनी गुरुदत्तचा हात धरला.

"डाक्तारबाबू, एकदा शिकवा ना. तो ढोल. मला येतच नाही, नुसती हवा जाते."

"आत्ता? ओठ बधिर आहे तुमचा."

"म्हणूनच. आत्ता लाज वाटत नाहीये."

निर्मलादी ट्रे धरून उभी होती. गुरुदत्तने त्या तोंडाकडे पाहिलं. जर्द्याचा तांबडा काठ, हनुवटीवर उतरणारी लाळ, आत ती दाढ, कुजलेली, त्याच्याकडे टक लावून पाहणारी. त्याला मनापासून शिसारी आली. त्याने चेहऱ्यावरची प्लास्टिकची ढाल खाली ओढली आणि खुर्ची जराशी उभी केली.

"ओठ आत घ्या. दोन्ही. हां. आता हवा मागून नको, इथून, गालातून. थुंकी नको, वारा हवा."

भोंबलदांनी डोळे मिटून जोर केला. ढालीवर तांबड्या तुषारांचा पंखा उमटला आणि पलीकडचं काही दिसेनासं झालं.

"जवळ आलात," गुरुदत्त म्हणाला. त्याने ढाल काढून निर्मलादीच्या ट्रेमध्ये टाकली आणि दुसरी मागितली. "ही ऑटोक्लेव्हमध्ये नको. ही वितळेल. हं, भोंबलदा, एक, दोन..."